सेकंड लाइफ: काही महिने राहिल्यावर

सेकंड लाइफ हे संगणकावरचं आभासी जग २००३ साली सुरू झालं आणि तेव्हापासून 'ते आता संपलं' असं कितीतरी वेळा लिहून झालंय. तरी आजही तिथे रोज मैफली रंगतात, वर्ग भरतात, लोक घरं बांधतात आणि मोडतात. गेले काही महिने मी तिथे नियमाने जाते आहे. खेळ म्हणून बघायला गेलं तर तिथे ना पातळ्या आहेत, ना शत्रू, ना शेवट. मग माणसं वर्षानुवर्षं तिथे का राहतात? मला या सगळ्यात जास्त रस त्या प्रश्नात आहे, म्हणून ग्राफिक्सबद्दल इथे फारसं लिहिलेलं नाही.

खातं फुकट उघडता येतं. सुरुवातीला चालणं, उडणं, कॅमेरा फिरवणं, कपडे बदलणं असं सगळं एकदम अंगावर येतं. मी शिकले व्हर्च्युअल अ‍ॅबिलिटी या गटाच्या बेटावर. हे बेट अपंग आणि दीर्घ आजार असलेल्या लोकांना डोळ्यांसमोर ठेवून बनवलंय. पायवाटेने पुढे जायचं, प्रत्येक फलकापाशी एकच गोष्ट शिकायची आणि ती जमली की पुढच्या फलकाकडे निघायचं. कोणी घाई करत नाही. नवीन माणसाने, अपंग असो वा नसो, इथूनच सुरुवात करावी असं मी ठामपणे सांगेन.

मला तिथे धरून ठेवलं ते बांधकामाच्या वर्गाने. सँडबॉक्स नावाच्या मोकळ्या जागा असतात, तिथे कोणीही वस्तू बनवून बघू शकतो. पहिला धडा खुर्चीचा होता. एक साधा लाकडी ठोकळा घ्यायचा, तो चपटा करायचा, की झाली बैठक. त्याच्या चार प्रती काढून बारीक केल्या की झाले पाय. शेजारच्या एका विद्यार्थ्याच्या खुर्चीचा पाय जमिनीत रुतला. शिकवणाऱ्या बाई तो उचलून देऊ शकत नव्हत्या, कारण मालकाने परवानगी दिल्याशिवाय दुसऱ्याची वस्तू हलवता येत नाही. त्यांनी एवढंच लिहिलं, 'झेडचा आकडा थोडा वाढवा.' झेड म्हणजे उंची. पाय वर आला, आणि आम्ही सगळे आपापली कामं सोडून त्या खुर्चीवर पाळीपाळीने बसून आलो.

परवानगीची ही भानगड बारीक वाटते, पण माझ्या मते सगळं जग तिच्यावर उभं आहे. बनवलेली वस्तू दुसऱ्याला देताना तीन चौकटी समोर येतात: घेणाऱ्याने तिची प्रत काढावी का, तिच्यात बदल करावा का, ती पुढे कोणाला द्यावी का. हे बनवणारा ठरवतो. सेकंड लाइफ चालवणाऱ्या लिंडन लॅब या कंपनीने २००३ मध्येच जाहीर केलं होतं की रहिवाशांनी, म्हणजे तिथे वावरणाऱ्या लोकांनी, बनवलेल्या गोष्टींचे हक्क रहिवाशांकडेच राहतील. शिवाय लिंडन डॉलर या तिथल्या चलनाचे अमेरिकन डॉलर करून घेण्याची सोय आहे. त्यामुळे कपडे शिवणारे, केस बनवणारे, झाडं विकणारे लोक तिथे खरोखर पोट भरू लागले. स्वतः केलेली गोष्ट कोणीतरी वापरतंय, हे दिसलं की माणूस परत येतो.

तिथे कोण रमतं हे बघताना मला खेळांचे अभ्यासक रिचर्ड बार्टल आठवतात. त्यांनी रॉय ट्रबशॉ यांच्याबरोबर १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात मड हे निव्वळ मजकुरावर चालणारं जग बनवलं होतं. पुढे १९९६ मध्ये त्यांनी खेळाडूंचे चार प्रकार मांडले: काही मिळवू पाहणारे, नवं धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि इतरांवर कुरघोडी करणारे. सेकंड लाइफमध्ये मला माणसांत रमणारे आणि धुंडाळणारे भरपूर भेटले. मिळवणाऱ्यांचा मात्र तिथे जीव रमत नाही, कारण मिळवण्याजोगं लक्ष्यच कोणी आखून दिलेलं नसतं. त्यांची जागा बनवणाऱ्यांनी घेतली आहे.

संस्थांची गोष्ट वेगळी. २००६–०७ मध्ये तिथे नुसती झुंबड उडाली होती. रॉयटर्सने आपलं वार्ताकेंद्र उघडलं, अमेरिकन अपॅरलने कपड्यांचं दुकान थाटलं, मालदीव आणि स्वीडन यांनी २००७ मध्ये दूतावास सुरू केले. अमेरिकन अपॅरलचं दुकान साधारण वर्षभरात मिटलं, रॉयटर्सही फार टिकलं नाही. एका संस्थेचं जुनं आवार मी स्वतः फिरून पाहिलं. सभागृह चकाचक, खुर्च्या ओळीने मांडलेल्या, भिंतीवर केव्हाच होऊन गेलेल्या कार्यक्रमाचा फलक, आणि माणूस एकही नाही. ते बघून मला वाईट वाटलं. इतकी मेहनत करून इमारत बांधली, पण आठवड्यातून एकदा तिथे येऊन बसणारा एक माणूस नेमला नाही.

याउलट ज्यांना तिथे करण्यासारखं खरं काम होतं, त्यांचं चाललं. हार्वर्डच्या कायदा विभागाने २००६ मध्ये एक अभ्यासक्रम तिथे घेतला आणि तो बाहेरच्यांनाही खुला ठेवला. अमेरिकेच्या नोआ या हवामान व सागरी संस्थेने किनाऱ्यावर उभं राहून त्सुनामी अनुभवता येईल अशी जागा बनवली. पाणी आधी मागे सरतं, मग लाट येते. हे वाचणं आणि त्या वाळूत उभं राहून बघणं, यात फार फरक आहे. २००७ मध्ये आयबीएमच्या इटलीतल्या कर्मचाऱ्यांनी पगाराच्या वादात कंपनीच्या आभासी बेटांवर मोर्चा नेला. कंपनी जिथे मिरवत होती, तिथेच जाऊन त्यांनी तिला गाठलं. अमेरिकन कॅन्सर सोसायटीचा रिले फॉर लाइफ हा कर्करोगासाठी निधी जमवणारा कार्यक्रम तर २००५ पासून दरवर्षी होतो. लोक फेऱ्या मारतात, वाटेच्या कडेला आप्तांच्या नावाचे दिवे असतात, आणि त्यातून खरा निधी उभा राहतो.

ठोकळे रचून जग बांधण्याच्या माइनक्राफ्ट या खेळातही हेच दिसतं. पत्रकारितेच्या स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्सने २०२० मध्ये तिथे बंदी घातलेल्या लेखांचं ग्रंथालय उभारलं, कारण ज्या देशांत बातमीच्या साइट बंद केल्या जातात तिथल्या मुलांना हा खेळ उघडता येतो. शहरांसाठी काम करणारी संयुक्त राष्ट्रांची यूएन-हॅबिटॅट ही संस्था २०१२ पासून सार्वजनिक जागांचे आराखडे रहिवाशांकडून त्यातच मांडून घेते. नकाशा वाचता न येणारा माणूसही ठोकळा उचलून 'दिवा इथे हवा' असं दाखवू शकतो. संस्थेने आभासी जगात का यावं, याला इतकं चोख उत्तर मला दुसरीकडे सापडलं नाही.

आता तक्रार. जमीन भाड्याने घेताना फार जपून. मी ज्या रहिवाशाकडून तुकडा घेतला होता तो एक दिवस न सांगता गेला, जमीनही गेली, आणि माझं घर, कुंपण, झाडं सगळं गोळा होऊन सामानातल्या 'लॉस्ट अँड फाउंड' फोल्डरमध्ये येऊन पडलं. वस्तू वाचल्या, भरलेलं भाडं बुडालं. एका वेळी एकाच आठवड्याचं भाडं भरा आणि जुन्या रहिवाशांना मालकाबद्दल आधी विचारा.

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर गर्दीच्या जागी चित्र अडखळतं. किती लांबपर्यंतचं दिसावं ते अंतर सेटिंगमध्ये कमी केलं की बराच फरक पडतो. कार्यक्रमांच्या वेळा अमेरिकेच्या पॅसिफिक घड्याळाने दिलेल्या असतात, त्या आपल्या वेळेत बदलून कॅलेंडरवर टाकून ठेवा. आणि नुसतं भटकायला जाऊ नका. रिकाम्या सुंदर जागा बघून दोन दिवसांत कंटाळा येतो. ठरलेल्या वारी भरणारा एखादा वर्ग किंवा वाचनगट धरा आणि सलग काही आठवडे जा. आमच्या बांधकामाच्या वर्गात आता जिने चालले आहेत, आणि नवीन माणसाला तिथे कधीही बसता येतं.