सिरिंज पंप आणि मॉनिटरना ब्लूटूथ टॅग: काही महिन्यांच्या वापरानंतर

रुग्णालयात सिरिंज पंप (ठरलेल्या वेगाने औषध देणारं मशीन) आणि मॉनिटर कुठे आहेत ते कळावं म्हणून त्यांना सिग्नल पाठवणारे छोटे ब्लूटूथ टॅग लावतात. विक्रेत्याच्या डेमोमध्ये मजल्याच्या नकाशावर ठिपके सरकताना दिसतात आणि खरेदी समिती खूश होते. रोजच्या कामात तो नकाशा क्वचितच उघडला जातो. सिस्टरना हवी असते ती साधी यादी: स्वच्छ केलेले, चार्ज असलेले, मोकळे पंप किती आणि कोणत्या खोलीत. टॅगला यातली फक्त खोली कळते, बाकीचं माणसांनी नोंदवावं लागतं. हे आधी मान्य केलं तर यंत्रणा कामाची आहे.

खोलीचा अंदाजही दर वेळी बरोबर नसतो. टॅगचा सिग्नल ज्या गेटवेला (खोल्यांत बसवलेलं सिग्नल पकडणारं यंत्र) सर्वांत जोरात ऐकू येतो, तिथे वस्तू आहे असं सॉफ्टवेअर धरतं. पण २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पार्टिशनमधून आरपार जातो आणि माणसाच्या शरीरात बराच शोषला जातो. त्यामुळे पंप आणि गेटवे यांच्या मध्ये रुग्णाचा बेड आला की पंप शेजारच्या खोलीत, कधी थेट वरच्या मजल्यावर दिसतो. गेटवे दारापासून लांब, खोलीच्या आतल्या बाजूला हलवणे, टॅगची ट्रान्समिट पॉवर (सिग्नलचा जोर) कमी करणे आणि नव्या जागी अर्धा-एक मिनिट स्थिर दिसल्याशिवाय खोली न बदलण्याची सेटिंग ठेवणे, या तीन गोष्टींनी उड्या बऱ्याच कमी होतात. स्टीलच्या कपाटात ठेवलेला पंप मात्र जवळजवळ गायबच होतो. म्हणून पडद्यावर जागेइतकीच ठळक ‘शेवटचा सिग्नल किती वाजता’ ही वेळ हवी. दुपारपासून गप्प असलेला पंप शोधायचा तर आधी त्याच वॉर्डातली कपाटं उघडावीत. बहुतेक वेळा तो तिथेच सापडतो.

बॅटरीबद्दल विक्रेता वर्षं सांगतो, तेव्हा सिग्नल किती सेकंदांनी जातो ते विचारा. सीआर२४७७ सेलची क्षमता साधारण १००० मिलीअँपिअर-तास. सरासरी २५ मायक्रोअँपिअर खर्च झाला तर कागदावर साडेचार वर्षं निघतात, १०० झाला तर जेमतेम चौदा महिने. हालचाल ओळखणारा टॅग घ्यावा, म्हणजे वस्तू स्थिर असताना तो सावकाश बोलतो. पडद्यावरच्या बॅटरीच्या टक्क्यांवर विसंबू नये: लिथियम सेलचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. सेल बदलण्याचं काम मशीनच्या ठरलेल्या देखभालीलाच जोडून टाकावं.

सर्वांत जास्त डोकेदुखी टॅग चिकटवण्याची. पृष्ठभाग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यायचा, टॅग जोर देऊन दाबायचा. अॅक्रेलिक फोम टेपला पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास लागतात; लगेच जंतुनाशकाने पुसलं की कडा सुटतात. हवा खेळण्याच्या फटी, सिरियल नंबरची पट्टी, बॅटरीचं झाकण आणि पोल क्लॅम्पची (पंप स्टँडला अडकवणाऱ्या पकडीची) जागा सोडायची. रॅकमध्ये एकावर एक बसणाऱ्या पंपांत टॅगची जाडी आड येते, म्हणून एक पंप रॅकमध्ये बसवून पाहिल्याशिवाय सगळ्यांना टॅग लावू नयेत. व्हीलचेअरच्या धातूच्या पाइपावर थेट लावलेला टॅग अशक्त होतो, मध्ये प्लास्टिकचा तुकडा हवा. एमआरआयच्या खोलीत टॅग लावलेली कोणतीही वस्तू जाऊ देऊ नये, टॅगवर तशी स्पष्ट परवानगी असल्याशिवाय. एरवी आत नेता येणारी ट्रॉलीसुद्धा टॅगमुळे अपात्र ठरते, हे चटकन लक्षात येत नाही.

स्वच्छतेची स्थिती खोलीवरून ठरवण्याचा पर्याय बंदच ठेवा. पंप क्लीन स्टोअरमध्ये (स्वच्छ केलेली उपकरणं ठेवायच्या खोलीत) पोहोचला म्हणून सॉफ्टवेअर त्याला ‘स्वच्छ’ म्हणतं. प्रत्यक्षात कुणीतरी तो रुग्णाकडून काढून सरळ तिथे ठेवलेला असतो. पुसून, चार्जिंगला लावून, मग बारकोड स्कॅन केल्यावरच ‘तयार’. कागदी बारकोड हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने काही आठवड्यांत पुसट होतो, लॅमिनेट केलेलं पॉलिस्टर लेबल टिकतं.

दुरुस्तीत पंपाचं बाहेरचं आवरण बदललं की टॅग जुन्या आवरणासोबत भंगारात जातो, किंवा दुसऱ्याच पंपावर चिकटतो. त्यामुळे मशीन दुरुस्त करणाऱ्या बायोमेडिकल विभागाच्या जॉब कार्डावर ‘टॅग व सिरियल जुळवले’ असा रकाना हवा. एकाच मॉडेलची तीन वेगवेगळी नावं असलेली मालमत्ता यादी टॅग लावण्याआधी साफ करावी, नंतर ते काम चौपट होतं. यादी नीट असेल तर कंपनीने ठराविक सिरियल नंबरचे पंप परत मागवल्यावर टॅगचे पैसे वसूल होतात: नंबर टाकायचे, खोल्यांची यादी घ्यायची, पंप गोळा करायचे.

वॉर्डांनी पंप लपवण्याची सवय नकाशाने सुटत नाही. अडीअडचणीला पंप मिळणार नाही ही भीती त्यामागे असते. प्रत्येक वॉर्डाची किमान संख्या ठरवून, ती खाली गेली की स्टोअरला सूचना आणि स्टोअरकडून न मागता भरपाई, एवढं सलग चाललं तरच कपाटं रिकामी होतात. रात्रपाळीत स्टोअरला माणूस नसेल, तर सकाळी लपवाछपवी पुन्हा सुरू.

टॅग फक्त फिरणाऱ्या महाग वस्तूंना लावा: पंप, ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटर, मॉनिटर, डीव्हीटी पंप (पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पाय दाबणारा). पल्स ऑक्सिमीटरचे प्रोब आणि ईसीजीच्या केबल चादरींत गुंडाळून धुलाईला जातात. तिथे टॅगपेक्षा बेड रिकामा करतानाची मोजणी आणि मशीनला केबल बांधणारा पट्टा जास्त उपयोगी पडतो.