नेकारच्या खोऱ्यातून डिल्सबर्ग आणि चार किल्ल्यांकडे

जर्मनीतील नेकार नदीच्या खोऱ्यात हायडेलबर्ग ते बाड विम्फेन असा १२६ किलोमीटरचा ‘नेकारश्टाइग’ हा पायी भटकंतीचा मार्ग नऊ टप्प्यांत विभागलेला असून, त्यातला नेकारगेम्युंड ते नेकारश्टाइनाख हा दुसरा टप्पा मी गेल्या ऑक्टोबरमध्ये चाललो. हाताशी एकच दिवस असेल, तर याच टप्प्याची निवड करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अंतर दहा-अकरा किलोमीटरच आहे, दोन्ही गावांत एस-बान ही उपनगरी रेल्वे थांबते आणि निळ्या ‘एन’ची खूण पाहत चालले की वाट सापडत जाते.

पहिला मोठा चढ डिल्सबर्गचा. हे गाव आजही तटाच्या आत नांदते. मात्र माथ्यावरचा किल्ला, जिथे एके काळी हायडेलबर्ग विद्यापीठातील विद्यार्थ्यांना कोठडीत ठेवत, एकोणिसाव्या शतकात दगडाची खाण म्हणून वापरला गेला आणि त्याची उंच भिंत तेवढी उरली. त्या भिंतीवर अवश्य चढावे, कारण नदीचे वळण आणि पलीकडच्या डोंगरधारेवरचे नेकारश्टाइनाखचे किल्ले येथून समोर दिसतात व पुढची वाट आधीच डोळ्यांत भरते. आवारातील ४६ मीटर खोल विहिरीला सुमारे ८० मीटर लांबीचे भुयार जोडलेले आहे. त्याच्याविषयी बराच काळ केवळ दंतकथाच ऐकू येत असत. १९२६ मध्ये ते प्रत्यक्ष मोकळे करण्यात आले.

जंगलातून उतरणारी वाट पानगळीत निसरडी होते, म्हणून चांगल्या पकडीचे बूट हवेतच. बंधाऱ्यावरून नदी ओलांडली की बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य मागे राहते आणि हेसेन राज्य सुरू होते. पलीकडचा रस्त्यालगतचा डांबरी भाग मात्र वाहनांच्या आवाजामुळे कंटाळवाणा आहे. तो झपाट्याने उरकावा.

चार किल्ल्यांपैकी फोर्डरबुर्ग आणि मिटेलबुर्ग खासगी असल्याने बाहेरूनच पाहावे लागतात. हिंटरबुर्ग हा सर्वांत जुना आणि पडका. तो विनाशुल्क खुला आहे आणि या साऱ्या चालीत मला तोच सर्वाधिक भावला. त्याच्या बुरुजाच्या लाल वालुकाश्माच्या चिऱ्यांच्या कडा छिन्नीने सरळ तासलेल्या आहेत, पण मधला भाग मुद्दाम ओबडधोबड, फुगीर ठेवला आहे. त्यावरून तळहात फिरवला की कडेची गुळगुळीत पट्टी आणि मधला खरखरीतपणा वेगवेगळा जाणवतो, आणि हे काम माणसाच्या हातचे आहे हे मनाला जसे येथे पटते तसे कोणत्याही माहितीफलकाने पटत नाही. येथल्या श्टाइनाख या सरदार घराण्यातील ब्लिगर हा इ. स. १२००च्या सुमारास प्रेमगीते रचणारा कवी होता, आणि पुढे या वंशाच्या कुलचिन्हावर वीणेसारखे हार्प हे वाद्य विराजमान झाले.

शेवटचा शाडेक, म्हणजेच ‘श्वाल्बेननेस्ट’ किंवा पाकोळीचे घरटे, कड्याला खरोखरच तसा चिकटलेला आहे. तेथे निवांत बसण्यासाठी तासभर हाताशी ठेवावा आणि अंधार पडण्यापूर्वी खाली उतरावे, कारण स्थानकाकडे जाणारी वाट पुन्हा झाडीतून जाते.