पोस्टग्रेसचा आयसोलेशन टेस्टर: लॉकसाठी झकास, वर्करसाठी थोडी लबाडी

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये दोन सेशन (जोडण्या) एकमेकांच्या लॉकवर (एकाने धरलं की दुसऱ्याला थांबवणारं कुलूप) अडकली की काय होतं हे हाताने बघायचं म्हणजे दोन टर्मिनल उघडा, इकडे अपडेट मारा, तिकडे मारा, आणि तोच क्रम दुसऱ्या दिवशी परत जमेलच असं नाही. पोस्टग्रेसच्या सोर्ससोबत येणारा आयसोलेशन टेस्टर ही कटकट संपवतो. स्पेक फाइलमध्ये सेशन आणि त्यांच्या स्टेप लिहायच्या, पर्म्युटेशनच्या (क्रमाच्या) ओळीत कुठली कधी चालवायची ते सांगायचं, बस. स्टेप लॉकवर अडली की आउटपुटमध्ये 'वेटिंग' छापून गडी पुढच्या स्टेपला लागतो, शेवटी अपेक्षित आउटपुटशी डिफ (फरक तपासणं), स्लीप (ठरावीक वेळ थांबणं) टाकून नशिबावर सोडायची भानगडच नाही. फक्त पर्म्युटेशन लिहायला विसरू नका, नाहीतर तो सगळेच क्रम चालवतो, तीन-तीन स्टेपची दोन सेशन असली तर २०, तसंच तिसरं वाढवलं की डायरेक्ट १६८०!

पॅरलल वर्करचं, म्हणजे एकच क्वेरी वाटून घेणाऱ्या मदतनीस प्रोसेसचं, प्रकरण जास्त भारी आहे. पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीत पॅरलल क्वेरीसोबतच ग्रुप लॉकिंग आलं, म्हणजे लीडर (क्वेरीची मुख्य प्रोसेस) आणि त्याचे वर्कर एकाच गटातले, टेबलच्या लॉकवर आपसात अडत नाहीत, नाहीतर लीडरने एक्सक्लुझिव्ह लॉक घेतलेलं टेबल वर्करला वाचता आलं नसतं आणि लीडर त्याच वर्करची वाट बघत बसला असता. पण टेस्ट कसं करणार? वर्कर सहसा लीडरने आधीच घेतलेलीच लॉक मागतो, त्यामुळे तो अडकतच नाही. सोबतच्या डेडलॉक-पॅरलल टेस्टमध्ये (डेडलॉक म्हणजे सगळेच एकमेकांची वाट बघत अडकणं) यावर सरळ लबाडी केलीय, ॲडव्हायजरी लॉक (टेबलवर नाही, आपण स्वतः मागून घेतलेलं लॉक) घेणारं फंक्शन खोटंच 'पॅरलल सेफ' (वर्करमध्ये चालवायला सुरक्षित) म्हणून लिहिलंय, मग ते वर्करमध्ये पोचतं आणि तिथे अडकतं. मला हे जाम आवडलं (खऱ्या डेटाबेसवर मात्र असलं काही करू नका). स्वतःची टेस्ट लिहिताना डिबग पॅरलल क्वेरी हे सेटिंग ऑन करा, १६ च्या आधी त्याचंच नाव फोर्स पॅरलल मोड होतं, आणि लीडर पार्टिसिपेशन ऑफ ठेवा, नाहीतर लीडर स्वतःच कामाला लागतो.

कच्ची बाजू म्हणजे सेशन अडलंय एवढं कळतं, आतला कुठला वर्कर अडलाय ते नाही. पीजी ब्लॉकिंग पीआयडीज (कोण अडवतंय ते सांगणारं फंक्शन) पण लीडरचाच पीआयडी (प्रोसेसचा नंबर) देतं. म्हणजे पीजी लॉक्स (लॉकची यादी) बघा, मग १३ पासून पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटीमध्ये (चालू प्रोसेसची यादी) आलेल्या लीडर पीआयडी कॉलमशी जोडा, हे आपलं आपण. आणि शेकडो कनेक्शनचा लोड टाकून डेडलॉक बघायचे असतील तर याच्या नादी लागू नका, पीजीबेंच (पोस्टग्रेसचंच लोड टाकायचं टूल) घ्या, १५ पासून तो डेडलॉकने पडलेलं ट्रान्झॅक्शन सांगितलं तर परतही मारतो.