रोज एक वाटी घरचं दही: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगते. पोट फुगणं कमी झालं आणि सकाळी पोट वेळेवर साफ होऊ लागलं. वजन तेवढंच आहे. चेहऱ्यावर काही तेज वगैरे आलं नाही. रविवारी तांबडा रस्सा जास्त झाला की होणारी जळजळही तशीच आहे.

दही घरचं, म्हशीच्या दुधाचं. दूध उकळून कोमट झालं की मडक्यात विरजण लावायचं. सासूबाईंचं माप एकच: "बोट सोसंल एवढंच ऊन असू दे." मडकं पाणी शोषतं, त्यामुळे कवडी घट्ट पडते. थंडीत मडकं फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवावं लागलं. एप्रिलमध्ये मात्र दुपारपर्यंत दही आंबटही व्हायला लागलं. हे सांगायचं कारण असं, की योगर्टमध्ये लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस हे दोन जंतू ठरवून घातलेले असतात, त्यांना ४२-४३ अंशांची ऊब लागते. घरच्या विरजणात लॅक्टोकोकससारखे कमी उबेत वाढणारेही असतात. घरोघरचं दही वेगळं, म्हणून माझा अनुभव आमच्या मडक्यापुरता धरा.

सर्वांत मोठा फरक माझ्यात नाही, यांच्यात दिसला. कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायचा यांना भारी सोस, पण पेलाभर दूध पोटात गेलं की तासाभरात गुडगुड सुरू. तेच दूध विरजून दिलं की काही त्रास नाही. यामागचं कारण पक्कं आहे. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवायला लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) लागतं आणि मोठेपणी अनेकांच्या आतड्यात ते कमी पडतं. दही लागताना जंतू थोडं लॅक्टोज संपवतात. उरलेल्यासाठी तेच जंतू आपल्या पेशीत लॅक्टेजसारखं विकर घेऊन लहान आतड्यापर्यंत जातात आणि तिथे ते कामी येतं. शिवाय दही घट्ट असल्याने पोटातून हळू पुढे सरकतं. योगर्टमधल्या जिवंत जंतूंचा हा फायदा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही २०१० मध्ये मान्य केला. मात्र जंतू जिवंत हवेत. कढी उकळली की ते मरतात, आणि फ्रीजबाहेर महिनोन्महिने टिकणारं खोक्यातलं ताक कडक तापवलेलं असतं. चवीला घ्या, या कामासाठी नको.

आता पोटातले जंतू बदलतात का? शंभरेक वर्षांपूर्वी मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की आंबट दुधातले जंतू आतड्यात ठाण मांडतात, वाईटांना हुसकावतात आणि माणूस जास्त जगतो. तसं ते ठाण मांडत नाहीत, हे पुढे दिसलं. मी साधा हिशोब केला. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे योगर्टच्या एका ग्रॅममध्ये निदान १ कोटी जंतू हवेत. दीडशे ग्रॅमच्या वाटीत झाले १५० कोटी. आपल्या शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी जंतू, बहुतेक मोठ्या आतड्यात. म्हणजे साधारण २५,००० मागे एक, आणि त्यातलेही कितीतरी जठरातल्या आम्लात मरणार!

२०११ मध्ये अमेरिकेत जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने जुळ्या बहिणींच्या ७ जोड्यांना ७ आठवडे आंबवलेलं दूध दिलं. आतड्यातल्या जंतूंची वस्ती फारशी बदलली नाही. कर्बोदकं पचवण्याच्या त्यांच्या कामात मात्र बदल दिसला, तेच जंतू दिलेल्या उंदरांत तो जास्त स्पष्ट होता. जोतिबाच्या चैत्र यात्रेसारखंच हे: यात्रेकरू येऊन जातात, वाडीची लोकसंख्या तेवढीच राहते, पण तेवढे दिवस गावाचा कारभार वेगळा चालतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२१ च्या प्रयोगात आंबवलेल्या पदार्थांनी जंतूंची विविधता वाढली आणि दाह दाखवणारी १९ प्रथिनं घटली. पण तिथले लोक दही, केफीर (आंबवलेलं दूध), किमची (आंबवलेली कोरियन भाजी) वगैरे मिळून दिवसाला सहाएक वेळा खात होते. माझ्या एका वाटीने तेवढं होईल असं मी म्हणणार नाही.

यात्रेकरू रोज यायला हवेत, हे मला मे महिन्यात कळलं. माहेरी दही सुटलं आणि आठवड्याभरात फुगणं परत आलं. तिथलं खाणंही वेगळं होतं, म्हणून पुरता दोष दही सुटण्याला देत नाही. तसंच श्रेयाचंही. हिवाळ्यात आम्ही रात्रीच्या भाताऐवजी ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी सुरू केली. पोट साफ होण्यात भाकरीचा वाटा मोठा असावा असं मला वाटतं, कारण मोठ्या आतड्यातल्या जंतूंचं खाणं म्हणजे हा चोथाच. दह्यात चोथा अजिबात नसतो. भाकरी, खर्डा आणि वर दही हे आपलं जुनं ताट त्यामुळे मला फार शहाणपणाचं वाटतं. खर्ड्याचा जाळही दह्यातल्या केसीन या प्रथिनाने उतरतो.

प्रतिजैविकं (अँटिबायोटिक) चालू असतील तर जपा. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन यांसारख्या गोळ्यांना दह्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि औषध कमी लागू पडतं. किती तासांचं अंतर ठेवायचं ते डॉक्टरांनाच विचारा. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे त्यांनीही घरच्या विरजणाबद्दल आधी विचारावं.

करून बघणाऱ्यांनी विरजण दही वाढायच्या आधी, स्वच्छ कोरड्या चमच्याने काढून ठेवावं. दह्यावर गुलाबी झाक किंवा बुरशी दिसली, वास दारूसारखा आला, तर मडक्यासकट टाकून द्यावं आणि विरजण शेजारून मागून आणावं.