गाळा "लीज"वर घेतला, निघालं भलतंच (दोन लाख अडकलेत)

कोणी तुम्हाला "माझ्याकडे पाच वर्षांचं लीज आहे, माझ्याकडूनच घ्या" म्हणत असेल तर थांबा जरा.

शिवणकामासाठी गाळा हवा होता, ब्रोकरनं एकाशी गाठ घालून दिली. मालक बाहेरगावी असतात, ताई तुम्ही बिनधास्त बसा म्हणाला. मोबाईलवर मालकाशी झालेल्या त्याच्या कराराचं पहिलं पान दाखवलं, त्यावर लिव्ह अँड लायसन्सच लिहिलं होतं हो, पण आपल्याकडे सगळे त्याला भाडेकरारच म्हणतात ना, मीही तेच समजले आणि पाच वर्षं वाचून खूश. आमच्या दोघांच्या कराराची नोटरी केली, त्याला दोन लाख डिपॉझिट दिलं, फर्निचर केलं. चौथ्या महिन्यात खरा मालक दारात, तुम्ही कोण म्हणून! त्यानं त्या माणसाला करारातल्या कलमाप्रमाणे महिन्याची नोटीस देऊन करार कधीच संपवला होता.

वकिलांनी सांगितलं तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. लीजमध्ये जागेत आपला हक्क तयार होतो (ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्ट, कलम १०५). लायसन्स म्हणजे नुसती वापरायची परवानगी, ती इझमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम ५२ मध्ये आहे आणि कलम ५६ प्रमाणे ती पुढे दुसऱ्याला देताच येत नाही. म्हणजे जे त्याचं नव्हतंच ते त्यानं मला विकलं.

मी गूगल करून गेले होते, म्हटलं १९५९ च्या असोसिएटेड हॉटेल्सच्या केसमध्ये लायसन्स लिहिलेला करार सुप्रीम कोर्टानं लीज ठरवलाच की, नुसतं नाव बघत नाहीत. वकील हसले, म्हणाले तो वाद त्यानं मालकाशी घालायचा, तुमचा मालकाशी करारच कुठाय?

नोटरीचंही तेच, महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लीज असो की लायसन्स, करार रजिस्टर लागतो. नोटरीचा शिक्का बघून मला वाटलं झालं पक्कं. इंडेक्स टू (करार रजिस्टर झाल्याचा सरकारी उतारा) मागितला असता, सगळी पानं वाचली असती, मालकाला एक फोन केला असता तर... आणि खरंच लीज असतं तरी पोटभाडेकरू ठेवायला मालकाची लेखी परवानगी मागायलाच हवी होती.

पोलीस म्हणतात सिव्हिल मॅटर आहे. ब्रोकर म्हणतो मी फक्त ओळख करून दिली, ब्रोकरेज मात्र महिन्याच्या भाड्याएवढं घेतलं होतं बरं का. वकिलांनी त्या माणसाला नोटीस पाठवलीये, मशिनी सध्या मावशीच्या हॉलमध्ये पडून आहेत.