नैरोबी, दोन सिम आणि 'काढायचेही टाका': आठ महिन्यांनंतर

परवा रात्री बारा वाजून एक मिनिटाने माझा १.४ जीबी डेटा गेला. वापरून संपला नाही, मुदत संपली म्हणून गेला. 'एका दिवसाचा' पॅक रात्री दहाला मारला होता, आणि दिवस म्हणजे चोवीस तास अशी माझी आपली भाबडी समजूत. त्या तिडिकेत लिहायला बसलेय, तेव्हा सूर तिखट लागला तर सांभाळून घ्या.

पुण्याच्या कंपनीने हिशेबाच्या कामासाठी इथे धाडलं, पार्कलँड्समध्ये राहते. एम-पेसाची जुजबी माहिती बहुतेकांना असते: फोनवरून पैसे पाठवायची सोय, सफारीकॉम या इथल्या मोबाईल कंपनीने २००७ मध्ये काढलेली, मोबाईल नंबर हेच खातं, गल्लोगल्ली टपऱ्यांत एजंट. ते सोडून देते. 'पेसा' म्हणजे आपला पैसाच, हे ऐकून पहिल्या दिवशी माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी चार्जेस पाहिले.

मी आले तेव्हापासूनचे दर असे. १०० शिलिंगांपर्यंत पाठवणं फुकट. १०१ ते ५०० ला ७, पुढे हजारापर्यंत १३, मग चढत जातात. एजंटकडे रोख भरायला काही पडत नाही, काढायला मात्र १०१ काढा की २,५००, सरसकट २९. शिलिंग म्हणजे साधारण ६५-७० पैसे, म्हणजे आपलेच पैसे हातात घ्यायला वीसेक रुपये! यूपीआयवर वाढलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. मी वही घातली. ३०० द्यायचे असले की शंभर-शंभरचे तीन हप्ते करून पाठवायचे आणि ७ वाचवायचे. समोरचा माणूस तीन मेसेज वाचून माझ्याकडे बघायचा. बघू दे.

पण खरी डोकेदुखी निराळीच. दुकानाचा टिल नंबर (पैसे घ्यायचा दुकानाचा खास नंबर) असेल तर गिऱ्हाईकाला काही लागत नाही. टिल नसलेला माणूस, म्हणजे बोडावाला (मोटरसायकल टॅक्सीवाला), प्लंबर, गवंडी, रक्कम सांगतो आणि शांतपणे जोडतो, 'ना या कुटोआ'. म्हणजे काढायचेही टाका. त्याने उद्या एजंटकडे जाऊन रोख काढली तर जे २९ जातील तेही आत्ताच माझ्या खिशातून! पाठवायचे ७ माझे, काढायचे २९ही माझेच. सहा महिने या तीन शब्दांशी माझं भांडण चाललं होतं. 'आपलं यूपीआय लाखपटीने बरं' असं घरी फोनवर किती वेळा सांगितलं असेल, मोजदाद नाही.

मत बदललं ते एप्रिलच्या पावसात. मटाटूतून (इथली मिनीबस) उतरताना माझा स्मार्टफोन डबक्यात पडला. दुरुस्त होईपर्यंत म्हणून दीड हजार शिलिंगांत एक डबडा बटणवाला फोन घेतला. आता तीन आठवडे अडून बसणार, असंच धरून चालले होते.

चौथ्या रात्री स्वयंपाक चालू असताना मीटरमधले युनिट संपले. इथे वीजही प्रीपेड. गच्च काळोख. त्या डबड्याचा टॉर्च लावला, मीटर नंबराचा कागद शोधला आणि सिमच्याच मेनूत शिरून पेबिल नंबर (वीज कंपनीचा बिल घ्यायचा नंबर), मीटर नंबर, रक्कम, पिन असं एकेक बटण दाबत गेले. मिनिटभरात मेसेजने वीस आकडी टोकन आलं. ते भिंतीवरच्या कीपॅडवर मारलं. एक आकडा चुकला, पुन्हा मारलं. लाईट! इंटरनेट शून्य. मेनू सिममध्येच बसवलेला असतो, त्यामुळे फोन कितीही साधा असला तरी चालतो. घरभाडं, भाजी, मटाटू, तीन आठवडे सगळं त्याच डबड्यावर निभावलं. आपल्याकडेही बिननेटच्या यूपीआयसाठी *९९# आहे म्हणतात. मी तरी अजून कुणाला वापरताना पाहिलेलं नाही. यूपीआय फुकट खरं, पण नेट गेलं की दुकानदारापुढे फोन हवेत धरून मी किती वेळा उभी राहिलेय!

म्हणून तेव्हा वहीत लिहिलं: चार्जेस वाजवी. नंतर ते खोडून 'बऱ्यापैकी वाजवी' केलं, कारण लुथुली अव्हेन्यू.

तिथे जिन्याखाली टेबल टाकून बसलेल्या फुंडीने (कारागिराला इथे फुंडी म्हणतात) माझा फोन उघडला, आत साचलेलं सगळं ब्रशने काढलं, चार्जिंग पोर्ट बदलला. सुरेख काम. मग म्हणाला, "दादा, १,२०० ना या कुटोआ." स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, हे एव्हाना अंगवळणी पडलं होतं. २९ नव्हते पडले. मी विचारलं, तू खरंच काढतोस का? पोर्ट वरच्या मजल्यावरून आणलास तो एम-पेसावर, जेवतोस तेही एम-पेसावर. तो हसला आणि टेबलावर थाप मारली. या टेबलाचं भाडं मालक रोज संध्याकाळी रोखच घेतो, म्हणाला. यावर मला बोलता येईना. तोड निघाली १,२१५ वर. पाठवायचे २३ वेगळे. वहीत ते १५ कुठल्या सदरात टाकायचे, हे अजून ठरलेलं नाही.

बाकीचं भराभर. दोन सिम घेऊनच फिरा: इथल्या बऱ्याच जणांची पैशाची लाईन एक आणि नेटची दुसरी असते. सिमला इथे लाईनच म्हणतात. एकेकाळी टेक्नो या फोनकंपनीने चार सिमचे फोनही विकले ते याच सवयीवर. भारतीय म्हटल्यावर टॅक्सीवाले 'एअरटेल!' म्हणतात, २०१० मध्ये एअरटेलवाल्या भारतीने कुवेतच्या झेन कंपनीचं आफ्रिकेतलं जाळं घेतलं, त्याच साली कॉल मिनिटाला ३ शिलिंगांवर आला, ते लोक विसरलेले नाहीत. रोज थोडे थोडे शिलिंग भरून हप्त्याने मिळणारा स्मार्टफोन हप्ता चुकला की कुलूपबंद होतो. हिशेबनीस म्हणून सांगते, घेण्याआधी सगळे हप्ते एकदा बेरजेला लावा. आणि ओकोआ जहाझी. टॉकटाइमचा बॅलन्स संपला की सफारीकॉमकडून उसना मिळतो, १०० मागितले तर हातात ९० येतात, फेडायचे १००. नावाचा अर्थ 'जहाज वाचवा', म्हणून ते दहा मी माफ केलेत.

आता तो १.४ जीबी. कंपनीचं नाव लिहीत नाही. कॉल सेंटरची मुलगी गोड बोलली: मॅडम, पॅक दिवसाचा आहे आणि दिवस बाराला संपतो. मग दहा वाजता पूर्ण पैशात विकता कशाला? त्यावर तिने तक्रार नोंदवली. मुदत नसलेले पॅकही मिळतात, २०१९ पासून मिळतात, पण त्यात जीबी कमी येतात, म्हणून मी ते घेत नव्हते. हे तिला सांगितलं नाही.

तक्रारीचा नंबर मेसेजने आलाय. त्याचे पैसे कापलेले नाहीत, मी बॅलन्स तपासला.