गच्चीला "केमिकल" मारणाऱ्यांपासून सावध राहा (सातारा)

गोडोली, शाहूपुरीकडं पावसाच्या तोंडावर टेम्पो घेऊन फिरतात बघा, "कोबा फोडायची गरज नाही, एका दिवसात लिकेज बंद, १० वर्षं गॅरंटी" म्हणत, त्यांना दारात उभं करू नका.

आमची गच्ची ८५० स्क्वेअर फूट. ४२ रुपये फुटानं ३५,७०० झाले, वरचे ७०० सोडले. २०,००० जीपेवर ॲडव्हान्स, १५,००० काम झाल्यावर रोख. बिल मागितलं तर "नंतर आणून देतो काका". बिल आधी, पैसे मग, हे डोक्यात ठेवा.

चहा घेऊन वर गेलो तर त्या टेम्पोवाल्याचा पोरगा ओल्या शेवाळावरच रोलर फिरवत होता! वायर ब्रश नाही, भेगा उकरून भरणं नाही, कठड्याच्या कडेच्या वाटा (गच्ची आणि कठडा जुळतो तिथला सिमेंटचा गोलसर उतार) फुटलेल्या तशाच. विचारलं तर म्हणे "हे केमिकल ओल्यावरच धरतं". तिथंच हाताला धरून खाली उतरवायला पाहिजे होता, अजून रात्री आठवलं की डोकं तापतं. पण यवतेश्वराकडनं ढग उतरलेले, आईच्या खोलीत स्लॅबचे पोपडे पडतायत, चांगला गवंडी दिवाळीनंतरचं बोलतोय, माणसानं करायचं तरी काय?

पहिल्याच झडीत कोटिंग सुटलं. कोपरा धरून ओढला तर हातभर पापुद्रा आला, मागच्या बाजूला शेवाळ हिरवंगार चिकटलेलं.

फोन बंद. पोलीस म्हणतात हे दिवाणी मॅटर आहे. अहो जीपेचा नंबर आहे, टेम्पोचा नंबर शेजाऱ्यांच्या सीसीटीव्हीत आहे, आणखी काय आणून देऊ? साध्या अर्जावर पोच द्यायला तयार नाहीत, उलट मलाच "बिल का घेतलं नाही" म्हणून झापलं. बँकेत गेलो तर "पिन तुम्हीच टाकला ना". ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, २ वर्षांत तक्रार करता येते, सगळं खरं, पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो, आणि पत्ता असता तर मी त्याच्या दारात जाऊन बसलो नसतो का?

कोटिंग कोरड्या, घासून साफ केलेल्या गच्चीवरच करून घ्या. वाळल्यावर पाइप बंद करून दोन दिवस पाणी साठवून बघा, तोवर शेवटचा हप्ता देऊ नका. ज्यांच्याकडं याच माणसाचं कार्ड किंवा पेमेंटचा स्क्रीनशॉट असेल त्यांनी जपून ठेवा आणि मला कळवा, चारपाच जण झालो तर एकत्रच जाऊ एसपी ऑफिसला.